दुसरा पल्ला

"दीदी, जुन्ना रंग ला सुक्खा झन घिसव," भैय्यालाल फाटकाशी उभा राहून म्हणाला. "पानी मार के घिसव. अउ नोनी ला दूरिहा राखव."

शेजारच्या घराला रंग द्यायला आलेला, अंगणातलं जुनं दार बघून थांबलेला हा म्हातारा. जुना रंग कोरडा घासू नका, पाणी मारून घासा आणि पोरीला लांब ठेवा, एवढंच त्याचं सांगणं. पण सांगताना त्याचा उजवा पंजा मनगटातून खाली लोंबत होता, भिजलेल्या रिकाम्या हातमोज्यासारखा, आणि मंजिरीची नजर त्या पंज्यावरच अडकली. सकाळचे दहा वाजताहेत आणि हा आताच दारू लावून आलाय, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. त्यातून रंगारी. घासायचं काम आपल्याला मिळावं म्हणून भीती घालणारच. हे न कळायला ती काही कालची नव्हती.

"हव काका, देखती हूँ," ती म्हणाली आणि तिनं फाटकाला कडी घातली.

खरं तर मंजिरीएवढी घाबरट बाई त्या गल्लीत दुसरी नव्हती. रेवा तेव्हा चौदा महिन्यांची. घरातल्या प्रत्येक प्लगवर चिकटपट्टी होती, पाणी घड्याळ लावून उकळलं जायचं, एका द्राक्षाचे चार तुकडे व्हायचे. भार्गव, तिचा नवरा, चारचौघांत म्हणायचा, "हिचं चाललं ना, तर पोट्टीला हेल्मेट घालून झोपवीन." मंजिरीही हसायची. हसता हसता रेवाच्या तोंडातलं काहीबाही बोटानं काढायची.

भार्गव रायपूरला, नव्या राजधानीतल्या एका खात्यात लिपिक होता. राज्य होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती, ऑफिसं शहराबाहेरच्या मोकळ्या माळावर गेली होती. सकाळी कर्मचाऱ्यांच्या बसनं जायचं, संध्याकाळी त्याच बसनं खिडकीला डोकं टेकून यायचं. कॉलेजात असताना तो गणपतीच्या ऑर्केस्ट्रात दुसऱ्याची गिटार वाजवायचा. स्वतःची कधी झाली नाही. मग त्या वर्षी, ज्या सरकारी क्वार्टरमध्ये तो लहानाचा मोठा झाला ते रस्तारुंदीत पाडलं आणि ठेकेदाराकडून त्यानं समोरचं दार विकत आणलं. दोन पल्ल्यांचं, सागवानी. वर हिरव्या रंगाचे थरावर थर, आणि त्यावर पांढऱ्या रंगात क्वार्टरचा नंबर: एका पल्ल्यावर एक, दुसऱ्यावर सात.

"पन्नास वर्षं वाळलेलं लाकूड आहे," तो पल्ल्यावर बोटानं टकटक करत म्हणाला. "ऐक, कसं बोलते. असं लाकूड आता बाजारात भेटत नाही. याची गिटार बनवतो."

"घरी?"

"मग काय कारखाना टाकू? दांडी कोलकात्याहून मागवली. आवाज पकडायची कॉइल भनपुरीचा मोटार वाइंडिंगवाला गुंडाळून देतो म्हणाला. केसाहून बारीक तार लागते. पंपाच्या मोटारी भरून भरून कंटाळलाय बिचारा. खूश झाला."

"आणि तो करंट?"

"पाच व्होल्टसुद्धा नसते गं त्यात. तू काहून भिऊन राहिली?"

तरी मंजिरीनं अटी घातल्या. सोल्डरिंग घरात करायचं नाही; धुरात शिसं असतं. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली ती, एवढं तिला पाठ होतं. भार्गवनं ऐकलं. सोल्डरिंगचं सगळं काम त्यानं त्या वाइंडिंगवाल्याच्या दुकानात बसून केलं.

घासायचं काम मात्र मागच्या अंगणात झालं. मे महिन्यातले चार रविवार, भर दुपार. ग्राइंडरला काचकागदाची चकती लावून भार्गवनं पल्ला सोलायला घेतला. हिरव्याखाली चॉकलेटी निघाला, त्याखाली पिवळट, त्याखाली पुन्हा हिरवा. "बघ, बाबांची सगळी नोकरी निघाली," तो तोंडाला बांधलेल्या रुमालातून म्हणाला. हिरवट धुरळा तुळशीवर बसला, वाळत घातलेल्या दुपट्यांवर बसला. मंजिरीनं दुपटी पुन्हा धुतली. मागचं दार बंद केलं, खालच्या फटीत ओला टॉवेल ठोसला. आणि रेवाला धूळ नको, ऊन नको, म्हणून आतल्या खोलीत कूलरच्या अगदी पुढ्यात निजवलं.

कूलर मागच्या खिडकीत होता. रायपुरात सगळ्यांचाच असतो, अर्धा घरात, अर्धा अंगणात. अंगणातली हवा ओढायची आणि घरात फेकायची, हेच त्याचं काम. चार रविवार त्यानं ते इमानेइतबारे केलं.

कूलरच्या टाकीतलं पाणी हिरवट दिसायला लागलं तेव्हा शेवाळ धरलं म्हणून मंजिरीनं टाकी घासून काढली. रेवा शेजारी बसून त्या पाण्यात थापट्या मारत होती, ओली बोटं तोंडात घालत होती. त्या दिवशी मंजिरीनं तिला अडवलं नाही. पोर आनंदात होती.

दुसरा पल्ला भिंतीला टेकून होता. भांड्याला येणाऱ्या वनमालाची त्याच्यावर नजर होती. "दीदी, ये पल्ला मोला दे दव. तखत बन जाही." पल्ला मिळाला तर निजायला लाकडी पलंग होईल, असं तिचं म्हणणं. तिची मुलगी दुलारी रेवाहून चार महिन्यांनी मोठी. दोघी एकाच ताटलीतले कुरमुरे खात. वनमालाच्या खोलीत ती पोर फरशीवर निजते, हे मंजिरीला माहीत होतं आणि त्याचं तिला वाईटही वाटायचं.

"ले जा," ती म्हणाली. "अच्छे से घिस लेना. अंदर से सागौन निकलेगा."

वनमालाचा नवरा धर्मपाल हमाली करायचा. तो पल्ला डोक्यावर घेऊन गेला, आणि मागून दुलारी टाळ्या वाजवत गेली. पाऊस लागला आणि वनमाला यायची थांबली. खोली सोडून गेले, एवढं कळलं. मंजिरीनं दुसरी बाई लावली.

गिटार ऑगस्टमध्ये पुरी झाली. भार्गवनं तिच्या कडेला हातभर हिरवी पट्टी मुद्दाम तशीच ठेवली होती, पांढऱ्या एकच्या आकड्यासकट, वरून चकचकीत लॅकर. तारा लावून त्यानं पहिला सूर छेडला तेव्हा रेवानं कानांवर हात ठेवून किंकाळी फोडली. दोघं हसले. "ऑडियन्सला पसंत नाही," भार्गव म्हणाला.

पण रेवा आता सगळ्यालाच किंचाळत होती. खात नव्हती. चार-चार दिवस शी होत नसे, पोटाशी पाय घेऊन रडायची. दात येताहेत, जंत असतील, रक्त कमी आहे. एकेक डॉक्टर एकेक बाटली देत गेला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मंजिरीनं रेवाचे शब्द लिहून ठेवले होते, ज्या तारखेला जो आला तो. आई. बाबा. काऊ. भू. वनमालाकडून उचललेलं हव, म्हणजे हो. एकूण अकरा. सप्टेंबरात मंजिरीनं एके दिवशी त्या यादीवरून बोट फिरवलं आणि तिच्या लक्षात आलं, की गेल्या पंधरवड्यात यातले तीनच ऐकलेत.

"बोलेल गं, मूड नसेल," भार्गव म्हणाला.

"ती विसरून राहिली आहे," मंजिरी म्हणाली. "अहो, पोर शब्द विसरून राहिली आहे."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी रेवाला झटका आला. हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती, तिनं रक्त बाहेरगावी तपासायला पाठवलं. पाचाच्या आत असायला हवं तिथं एकसष्ट आलं.

"लेड है," ती म्हणाली. "घर में बैटरी का काम होता है? सुरमा लगाते हैं?"

"नहीं."

"पुराना पेंट घिसा है कभी?"

"बाहर घिसा था. पीछे. मैंने दरवाज़ा बंद रखा था..."

वॉर्डाच्या खिडकीत कूलर चालू होता. बाहेर कुणी कचरा जाळला असेल, त्याचा वास त्या गार वाऱ्यातून सरळ खाटेवर येत होता. ती कूलरकडे बघत राहिली. शिसं, पीबी, अणुक्रमांक ब्याऐंशी. परीक्षेत एकही मार्क गेला नव्हता.

औषधांनी रक्तातलं शिसं उतरलं. उरलेलं कुठं कुठं बसलं, ते डॉक्टरीण सांगू शकली नाही. भार्गवनं अंगणातली वरची माती खणून काढली, कूलर भंगारात दिला, गिटार प्लास्टिकमध्ये गुंडाळून चहूकडून चिकटपट्टी मारली आणि माळ्यावर टाकली. पेटीसारखी दिसते ती. संध्याकाळी बसमधून उतरला, की आधी हातपाय धुतो, कपडे बदलतो, मग रेवासमोर बसून म्हणतो, "काऊ. म्हण बेटा, काऊ." ती त्याच्या ओठांकडे बघते. त्याच्या हातांकडे बघते. तो पुन्हा म्हणतो.

दिवाळीनंतर भैय्यालाल पुन्हा गल्लीत आला. फाटकाशी थांबून त्यानं पोरीची खुशाली विचारली. "नोनी बने हे?"

मंजिरीनं त्याला सगळं सांगितलं. मी सांगितलं होतं, असं तो म्हणाला नाही. डाव्या हातानं त्यानं आपला उजवा पंजा उचलून फाटकाच्या सळीवर ठेवला.

"मोर हाथ घलो इही रंग खाइस," तो म्हणाला. "चालीस बरस. मनखे सोचथें दारू आय." त्याचा हातही याच रंगानं खाल्ला होता; लोक मात्र दारू समजत, जशी मंजिरी समजली होती. मग अंगणाकडे बघत, "दरवाजा तो दू पल्ला के रहिस. दूसर पल्ला कहाँ गिस?"

मंजिरीनं फाटक धरलं. सहा महिन्यांत तो पल्ला तिला एकदाही आठवला नव्हता.

वनमालाचा फोन बंद. जुन्या घरमालकानं सांगितलं, भनपुरीला गेले. भनपुरीत कुणी म्हणालं, धर्मपाल सिलतऱ्याच्या कारखान्यात लागला. सिलतऱ्याला कुणी म्हणालं, ते तर अभनपूरकडे गेले, वीटभट्टीवर. मंजिरी दर रविवारी जाते; भार्गव स्कूटर चालवतो, रेवा मध्ये. मोबाइलमधला फोटो ती चहाच्या टपरीवर, अंगणवाडीत, रेशनच्या रांगेत दाखवते: कुरमुऱ्यांची ताटली, दोन पोरी.

"बाई को ढूँढ रहे हो? क्या ले के भागी?" लोक विचारतात. एकदा तर आपल्यातल्याच एका वहिनींनी मराठीत विचारलं, "सोनं गेलं काय हो?"

"तिनं काही नेलं नाही," मंजिरी म्हणते. "मीच दिलं."

पल्ला दिल्याला दोन वर्षं होत आली. ती अजून विचारते, आणि आता हे वाचणाऱ्या तुम्हालाही विचारते. भनपुरी, सिलतरा किंवा अभनपूरच्या बाजूला कधी गेलात आणि एखाद्या दारात तखत दिसला, ज्याच्या कडेला बिजागरीच्या जुन्या खुणा आहेत, तर जरा थांबा. त्यावर हिरवा रंग असेल, पांढरा सातचा आकडा शाबूत असेल, तर देवाची कृपा. रंग खरवडून खालचं लाकूड निघालं असेल, तर आत जा. बोलावलं नाही तरी जा. साडेतीन वर्षांची पोर असेल, डाव्या भुवईत खाच आहे. तिला तिचं नाव विचारा. दुलारी म्हणायला तिला वेळ लागला, तर तिच्या आईला म्हणावं, मंजिरी दीदी शोधते आहे, आणि रक्त तपासल्याशिवाय तिथून हलू नका.