वालाचं नवं

सोमबतीने हातातला डाव बागेच्या फाटकाच्या कुलपावर असा आपटला, की वर्गातली पोरं खिडकीशी धावली.

"किल्ली द्या, गुरुजी. शेंगा निबर व्हायला लागल्यात."

देवांगन गुरुजी व्हरांड्यातल्या खुर्चीतून हलले नाहीत. "तपासणीचे साहेब बघून गेले की देतो. बाग भरलेली दिसली पाहिजे. फोटो वर जायचेत."

"गेल्या सोमवारीही येणार होते तुमचे साहेब!"

"या सोमवारी नक्की. पहिली शेंग त्यांच्या हातून तोडायची, मग तुम्ही खुशाल रांधा."

सोमबतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेची ही परसबाग पोरांनी उभी केली होती. कुंपणाच्या काट्या त्यांनी आणल्या, हातपंपावरून डबे भरभरून पाणी त्यांनी घातलं. आता कुंपणभर वाल लोंबत होता आणि पोरांच्या ताटात तोच भात, तीच पाण्यासारखी डाळ. रांधणारी ती, वाढणारी ती, पोरांची तोंडंही तिनेच बघायची. काल छोट्या रैमतीने विचारलं होतं, "दीदी, शेंगा साहेबांच्या आहेत का गं?" काय सांगणार, कपाळ!

आणि म्हणे पहिली शेंग साहेबाच्या हातून. वालाचं नवं अजून झालं नव्हतं. आधी देवाला दाखवायचं, मग आपण खायचं. त्याआधी जो खाईल त्याच्या घराला दोष लागतो, हे या गावात तान्ह्या पोरालाही ठाऊक. गुरुजी दुर्गहून बदलीवर आलेले, त्यांना याचा गंधही नव्हता. सोमबतीने पदर खोचला आणि तडक गायत्याचं, गावच्या पुजाऱ्याचं, घर गाठलं. गावाची सगळी नवी म्हातारा मंगडूच करायचा.

"बाबा, तुमच्या देवाच्या आधी साहेब जेवणार म्हणे."

म्हातारा काठी घेऊन तिच्यामागोमाग शाळेत आला. वेलांकडे पाहिलं, मग गुरुजींकडे.

"कुलूप काढा."

गायत्याशी वाकडं घेऊन गावात राहता येत नाही, एवढं गुरुजींना कळत होतं. त्यांनी निमूट फाटक उघडलं. सोमबतीला वाटलं, झालं काम.

"आता ऐका," मंगडू म्हणाला. "नवं पुनवेनंतर. तोवर शेंगेला कोणी हात लावायचा नाही. साहेबाने नाही, पोरांनीही नाही."

"अहो बाबा, त्यासाठी का तुम्हाला आणलं? आजच करा ना! पुनवेपर्यंत याची लाकडं होतील."

"देवाचा दिवस मी ठरवायचा की तू?"

गुरुजींना हसू आवरलं नाही. "बघा दीदी, मी तरी सोमवारीच देत होतो."

त्या हसण्याने तिचं डोकंच फिरलं. हे दोघं एकमेकांचे कोण लागतात, असं तिला ओरडून विचारावंसं वाटलं. एकाला फोटो हवा, दुसऱ्याला पुनव. उपाशी कोण बसतं?

ती तरातरा फाटकातून आत गेली. एक शेंग हातात धरली आणि थबकली. घरी सून होती, दिवस भरत आलेली. दोष घराला लागतो.

तिने शेंग तोडली आणि कच्चीच तोंडात घातली. उग्र, हिरवा रस घशाखाली उतरेना. तिने शेंग चावून चावून गिळली.

"खाल्ली!" ती गायत्याकडे बघत ओरडली. "देवाच्या आधी मी खाल्ली. काय लागायचं ते मला लागलं. माझ्यानंतर खाणाऱ्याला काही लागायचं नाही, सांगा तुमच्या देवाला! या रे पोरांनो, तोडा!"

एकही पोर हललं नाही. सगळी मंगडूच्या तोंडाकडे बघत होती.

मंगडूने काठी उचलली, बागेकडे पाठ केली आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. रस्त्यावर काहीच नव्हतं.

रैमती पहिली बाहेर आली, फ्रॉकचा ओटा धरून. तिच्यामागे बाकीची. सोमबती ओटे भरत होती आणि ती कुणाला तरी शिव्या देत होती, साहेबाला की देवाला तिचं तिलाच कळत नव्हतं.

शेवटची शेंग उतरेपर्यंत म्हातारा मागे वळला नाही.