डॉक्टरबाईंची गुणी पेशंट

माझ्या सासूबाईंना दुसऱ्याचं मन मोडायला जमत नाही. सुनेचं सोडून. मी केलेल्या कालवणात मीठ कमी पडलं तर शेजारच्या बिल्डिंगपर्यंत कळतं, पण बाहेरच्या माणसाने करपलेला भात वाढला तरी त्या बोटं चाटून खातील.

त्यांना संधिवात आहे. म्हातारपणी गुडघे कुरकुरतात तो नव्हे. आमवात, ज्यात शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं. सकाळी उठल्यावर त्यांना दुधाची पिशवी धरता येत नाही, नळ फिरवता येत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आईंची मूठ तर मिटतच नव्हती.

मुलुंडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात डॉ. इरावती यांचं या आजारावर संशोधन चालू होतं. आजार किती जोरात आहे त्याचा आकडा काढायचा आणि त्याप्रमाणे औषध वाढवायचं किंवा कमी करायचं. आईंनी त्यात नाव घातलं. दर तपासणीला सुबोध, माझा नवरा, सोबत जायचा आणि घरी येऊन सांगायचा, "आई झकास आहे, डॉक्टर खूश." मी रोज सकाळी त्यांचे हात बघत होते. माझं डोकंच चालेना.

या वेळी सुबोधला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी गेले. निघायच्या आधी आई कपाटाशी पाठमोऱ्या उभ्या राहून काहीतरी गिळत होत्या. हातातली गोळ्यांची पट्टी मी हिसकावूनच घेतली. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी पूर्वी दिलेल्या, सूज तेवढ्यापुरती उतरवणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्या. संशोधनात त्या चालणार नाहीत, असं पहिल्याच दिवशी बजावलेलं होतं. आई मात्र प्रत्येक तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस त्या घेत होत्या. पाहुणे यायच्या आधी घर झाडतात, तसे सांधे झाडून नेत होत्या.

मी विचारलं, हे कशासाठी? तर म्हणाल्या, पोर एवढी राबते, फुकट औषध देते, एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, काकू, तुम्ही माझ्या सगळ्यात गुणी पेशंट. आता तिला तोंडावर कसं सांगायचं, तुझ्या औषधाने काही झालं नाही म्हणून?

मला इतका राग आला की ती पट्टी मी तशीच पर्समध्ये कोंबली आणि रिक्षा थांबवली.

डॉ. इरावती वयाने माझ्याएवढ्याच. त्यांनी आईंची बोटं, मनगटं, कोपरं एकेक करून दाबून पाहिली. दर वेळी, "दुखतंय?" आणि दर वेळी आई हसून, "नाय." डॉक्टर म्हणाल्या, सांधे शांत आहेत, रक्ताचा रिपोर्टही चांगला आहे, आजपासून औषध कमी करू.

मी पट्टी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. आईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना चारचौघांत चोर ठरवलं होतं.

डॉक्टर ओरडल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून त्यांनी आईंना समजावलं, की औषध लागू पडत नसेल तर वरचं इंजेक्शन आहे; पण खरं कळलं नाही तर बोटं वाकडी होतील आणि मग ती कुणालाच सरळ करता येणार नाहीत. मग म्हणाल्या, "काकू, तुमचा आकडा बघून मी पुढच्या बायकांना हेच औषध देणार होते."

इतर बायकांचा आईंनी विचारच केला नव्हता.

गोळ्या बंद करून काही आठवड्यांनी पुन्हा बोलावलं. मधले दिवस वाईट गेले. आईंची वेणी मी घालत होते, घासही मीच भरवत होते, आणि मीठ कमी असल्याचं त्या एकदाही बोलल्या नाहीत. तेव्हा मला खरी भीती वाटली.

तपासणीत डॉक्टरांनी पहिलंच बोट दाबलं. "दुखतंय?"

आईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. आईंचे डोळे भरून आले होते.

"दुखता गो बाय. खूप दुखता." मग सुजलेला दुसरा हात डॉक्टरांच्या हातावर ठेवून म्हणाल्या, "पण तू मनाक लावन घेव नको. तुझी काय चूक नाय."

डॉक्टरांनी मान खाली घातली आणि थोडा वेळ पुढचं बोट दाबलंच नाही.