एकेचाळीस नंबरचं जॅकेट

मी कॉर्क भरलेलं, जाड कापडाचं एक लाइफ जॅकेट बोलतोय. बुडणाऱ्याला तरंगत ठेवणं हे माझं काम. ते मी जन्मात एकदाच केलं.

युद्ध चालू होतं. मला शिवणाऱ्या बायकांना मान वर करायला फुरसत नव्हती. एका मालवाहू जहाजावरच्या आचाऱ्याच्या वाट्याला मी आलो. आतल्या बाजूला त्याने शाईने खलाशांच्या यादीतला आपला नंबर लिहिला, एकेचाळीस. दर रविवारी मला झटकायचा आणि म्हणायचा, "बाबा रे, तुझी गरज न पडो."

ती पडली. भर दुपारी टॉर्पेडो लागला नि जहाज कललं. बिनतारी यंत्रावरचा माणूस, म्हणजे तारवाला, जखमी होता, त्याचं जॅकेट जळून गेलं होतं. आचाऱ्याने मला अंगातून काढून त्याला बांधलं.

"आणि तुम्ही?"

"मला पोहता येतं."

खोटं होतं ते. सरावाच्या वेळी पाण्यात उतरला की तो मला दोन्ही हातांनी गच्च धरायचा.

तारवाला वाचला. नवाच चढलेला, त्याला आचाऱ्याचं नावही ठाऊक नव्हतं. ते विचारत कंपनीला पत्रं लिहून थकला, उत्तर आलं नाही; पण मला त्याने मरेपर्यंत जपलं.

इकडे आचाऱ्याच्या घरी एकच शब्द पोचला होता, 'बेपत्ता'. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? कुठल्याशा बंदरात दुसरा संसार थाटला म्हणे. आचाऱ्याचा दोन वर्षांचा मुलगा हेच ऐकत म्हातारा झाला. त्याची मुलगी नर्स. तिने रजा खर्चून दप्तरखान्यांतल्या याद्या चाळल्या. आजोबांच्या जहाजावरून वाचलेला एकच माणूस सापडला. तिने त्याच्या पत्त्यावर पत्र टाकलं. उत्तर तारवाल्याच्या मुलीने दिलं, सोबत मला पाठवलं. वडिलांची चिठ्ठीही होती: 'एकेचाळीस नंबरच्या माणसामुळे मी जगलो. त्याचं नाव कुणी सांगेल का?'

नर्सने खलाशांची यादी उघडून बापापुढे धरली. एकेचाळीस, आचारी. पुढे आजोबांचं नाव. घड्याळं दुरुस्त करण्यात हयात गेलेल्या त्या म्हाताऱ्याने भिंग लावून माझ्यावरचा आकडा पाहिला.

"बाबा पळाले नव्हते," मग म्हणाला.

त्याच दिवशी त्याने तारवाल्याच्या मुलीला आपल्या वडिलांचं नाव लिहून कळवलं. ती नातवंडांना घेऊन भेटायला आली. म्हणाली, "आम्ही सगळे तुमच्या वडिलांचे देणेकरी." म्हाताऱ्याने नकारार्थी मान हलवली. "तुम्ही मला बाप परत दिलात. फिटलं."

माझ्यातला कॉर्क आता भुगा झालाय. पाण्यात टाकलंत तर दगडासारखा बुडेन. पण मला कुठल्या काचेच्या कपाटात ठेवू नका. म्हाताऱ्याच्या समोरच्या खुर्चीवरच असू द्या. रोज सकाळी चहा घेऊन तो समोर बसतो आणि बापाला सांगायचं राहून गेलेलं थोडं थोडं सांगतो. सध्या त्याच्या शाळेच्या पहिल्या दिवसाची गोष्ट चालू आहे.