न मोजलेले मत

मित्रांनो, मी एक मतपत्रिका आहे. आता जुनी झाले, पण सांगण्यासारखे काम मला आयुष्यात एकाच दिवशी मिळाले, आणि तेही वाया गेले.

लोकसभेला मत यंत्रावर देतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मग कागदाची मी कशाला? तर तुमच्या नावावर दुसरेच कोणी आधी मत देऊन गेले, तर तुम्हाला बटण दाबू देत नाहीत, तुमच्या हाती मला देतात. माझे नाव प्रदत्त मतपत्रिका. यंत्रावर असतात तीच उमेदवारांची नावे आणि चिन्हे माझ्यावर छापलेली असतात. केंद्रावर आम्ही वीसजणी जातो आणि बहुधा कोऱ्याच परत येतो. आम्ही वापरल्या न जाण्यातच सगळ्यांचे भले असते.

मला तलासरीजवळच्या एका शाळेतल्या केंद्रावर नेले. केंद्राध्यक्ष होते डहाणूचे प्रल्हाद मास्तर. मतदार यादी घेऊन निलम नावाची कारकून बसली होती. सकाळी रांग दारापासून हापशीपर्यंत गेली होती आणि पंखा बंद होता. जिवली लहान्या धांगडा नावाची एक बाई आली. निलमने यादीवर बोट फिरवले, नाव सापडताच रेघ मारली. नावाशेजारी फोटो होता, पण तो बघायला वेळ कोणाला होता? बाकावर बसलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींनीही हरकत घेतली नाही.

दुपारी जिवली लहान्या धांगडा पुन्हा आली. ही दुसरी, पलीकडच्या पाड्यातली. बाईचे नाव तेच, नवऱ्याचे तेच, आडनावही तेच. आमच्याकडे अशा जोड्या पुष्कळ सापडतात. सकाळची रेघ हिच्या नावावर पडली होती.

“मावशी, तुमचं मत झालंय,” निलम म्हणाली.

“कुठं झाला? मी तं आत्ता आली वीटभट्टीवरून!” जिवली म्हणाली. “दर वेळेला मत येतं तवा मी भट्टीवर असते. पन्नास वर्षांची झाली, एकदा बी बटन नाय दाबला. यंदा मुकादमाशी भांडून आली.”

मास्तरांनी ओळखपत्र पाहिले, यादीतला फोटो पाहिला, दोन-चार प्रश्न विचारले. बाई खरी होती. चूक कोणाची तेही त्यांना कळले. पण पडलेले मत यंत्रातून काढता येत नाही, आणि सकाळच्या जिवलीचे नाव यादीत कोरे राहिले असले, तरी त्यावर हिला मत देऊ देता येत नाही. वरातीमागून घोडे, तसे त्यांनी मला बाहेर काढले.

जिवलीने बोटाला शाई लावून घेतली, अंगठा उठवला आणि मला घेऊन आडोशामागे गेली. तिने शिक्का उचलून माझ्यावर नीट दाबला. मत कोणाला दिले ते मी सांगणार नाही. तेवढे इमान माझ्यापाशी आहे. तिने फुंकर घालून शिक्का वाळवला. इतके जपून मला कोणीच हाताळले नव्हते. त्या क्षणी मला माझा अभिमान वाटला.

मास्तरांनी मला पाकिटात घातले.

“यंत्र वाजला नाय?” तिने विचारले.

“तुमचं कागदावर आहे, मावशी.”

“पण मोजतील ना माझा?”

न्यायालयाने सांगितल्याशिवाय हे पाकीट कोणी उघडत नाही, हा नियम मास्तरांना पाठ होता. त्यांनी खिडकीबाहेर पाहिले आणि म्हणाले, “मोजतील.” जिवली हसली. माझ्या काळजाचे पाणी पाणी झाले.

मतमोजणीच्या दिवशी यंत्रांतले आकडे मोठ्याने वाचले गेले, बाहेर गुलाल उडाला. मी सील केलेल्या पाकिटातच होते. आता एका पेटीत पडून आहे. मुदत संपली की मला नष्ट करतील. कोर्टात कोण जाणार? आपल्यावर अन्याय झाला हेच जिवलीला माहीत नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी यादी घेऊन बसले, तर रेघ मारण्याआधी समोरच्या माणसाच्या तोंडाकडे एकदा बघा. एवढेच मागणे आहे. ते कोणी ऐकेल अशी आशा मात्र मला उरलेली नाही. पाच वर्षांनी जिवली जमले तर पुन्हा येईल आणि रांगेतल्या शेजारणीला सांगेल, की हे माझे दुसरे मत. ते पहिलेच असेल.