बकरीनं खाल्लेली पानं आणि दगूबाईनं खुडलेली पानं

मित्रांनो, मी एक जुनी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड आहे, एकाच हंगामात जुनी झालेली, आणि माझ्या डोक्यातला गोंधळ अजून काही जात नाही.

राज्य इंग्रजांचं, गाव खानदेशातलं, खापरजवळचं. दगूबाईनं घरामागच्या तुकड्यात आम्हाला लावलं. तिची लेक गुलाबबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. थंडीत तिला आमच्या कापसाची जाड गोदडी भरून द्यायची, एवढाच दगूबाईचा ध्यास.

मी वीतभर होते तेव्हा घरची बकरी सुटली आणि आमची पानं फस्त करून गेली. दगूबाईनं कपाळावर हात मारला. मलाही वाटलं, आटोपलं आपलं. पण खोडावरचे झोपलेले डोळे, म्हणजे कोंब, जागे झाले, फांद्या फुटल्या, आणि मी एवढी वाढले की चिमण्या शेंड्यावर जाताना मध्ये दम खायला बसत! खोटं नाही हो, एक तर माझ्यात वाटच चुकली.

मग बोंडं लागली. ती सारखी खायला मागायची, आणि पानं उन्हात रांधून त्यांना भरवायची. अशात दगूबाई आली आणि पानं खुडायला लागली. तिचा दीर भिला कुंपणापलीकडून ओरडला,

"वहिनी, हाई काय करी ऱ्हायनी?"

"बकरीनं पानं खाधात तवय झाड कितलं फुटनं! आते मी बी तेच करस."

"मंग बकरीलेच इचार ना, कवय थांबानं ते!"

"तू गप ऱ्हाय रे भाऊ. मन्ही पोरनी गोदडी शे."

मलाही ते पटलं. पानं गेली की भरभराट होते, हे मीच तर दाखवलं होतं! मी नव्या फांद्यांची वाट पाहिली. पण थंडी तोंडावर आलेली, फुटायला वेळच कुठे? कोवळी बोंडं गळाली. उरलेली अर्धवट उघडली, आत चिकटलेला हलका कापूस. तीच मी, तीच पानं. तेव्हा बाळसं, आता उपास. असं कसं?

गोदडी झाली, पण बाळापुरतीच. गुलाबबाई बाळंत होऊन बाजेवर कुडकुडत होती. दगूबाई तडक मागच्या तुकड्यात आली. तिनं मला उपटलं. आता ती माझ्या काड्या मोडते आहे, बाजेखालच्या शेगडीत जाळून लेकीला शेक द्यायला.

मित्रांनो, लहानपणी मी सावरले, पण बोंडांच्या वेळी झाडाची पानं राखा. माझ्या कापसानं गुलाबबाईला कितीतरी हिवाळे ऊब दिली असती. आता मी दुपारपर्यंतच देईन.