मतदान केंद्रापासून शंभर फूट

खर्डा पहिला.
'आमच्या मते अध्यक्षपदी सिनेटरच यावेत. लढायला गेलेली आपली पोरं वर्षभरात घरी यावीत.'

खर्डा दुसरा.
'आमच्या मते अध्यक्षपदी गव्हर्नरच यावेत. युद्ध अर्ध्यावर सोडलं, तर जे गेले त्यांचं जाणं वाया जाईल.'

दोन्ही खर्डे आर्लिस ओडेगार्डच्याच हातचे. मध्ये झाली होती फक्त अकरा मिनिटांची बैठक. 'कुरियर'च्या संपादक मंडळातल्या चौघांपैकी तिघांनी सिनेटरच्या बाजूने हात वर केला. चौथे होते मालक, मिस्टर लेथम. त्यांनी हात वर केलाच नाही, चष्मा पुसत बसले.

"हात मोजून झाले? बरं. आता पेपर कुणाचा ते मोजा."

सगळे उठले तसं त्यांनी आर्लिसला थांबवलं. "अग्रलेख तूच लिही. तुझ्याइतकं पटवून लिहिणारं इथे दुसरं कोण आहे?"

"मला स्वतःला पटलेलं नाही, मिस्टर लेथम."

"खाली सही थोडीच असते तुझी? 'आम्ही' लिहायचं. 'आम्ही'त सगळे मावतात."

एकतीस वर्षं ती 'आम्ही' लिहीत आली होती. तिने लिहिलं. आणि वाईट लिहिणं तिला जमत नव्हतं.

*

त्या आधीचा गुरुवार. चर्चच्या हॉलमध्ये टीव्ही लावलेला. 'कुरियर'ची दर चार वर्षांची रीत अशी, की मत न ठरलेल्या बारा गावकऱ्यांना एकत्र बसवून दोन्ही उमेदवारांची वादसभा दाखवायची आणि शेवटी हात मोजून दुसऱ्या दिवशी छापायचे. विस्कॉन्सिनच्या त्या कोपऱ्यातली माणसं एरवी कुणाला मत देणार हे बायकोलाही सांगायची नाहीत, पण कॉफी आणि ॲपल-पाय फुकट असला की यायची.

सहा हात गव्हर्नरला. पाच सिनेटरला.

बारावा होता आर्लिसचा थोरला भाऊ ऑरिन. त्याचा मुलगा कोल्बी आठ महिन्यांपासून आघाडीवर होता.

"काय रे ऑरिन, हात दुखतोय का?" कुणीतरी विचारलं.

"दोघंही छान बोलतात," ऑरिन म्हणाला. "एक मारे दात विचकून, दुसरा मारे डोळे भरून. माझ्या पोराचं काय करायचं ते मी यांच्या दातांवरून ठरवू? रविवारी आमची आर्लिस लिहील, तेव्हा बघू."

सगळे हसले. आर्लिसने वहीत लिहिलं: बारावा, अनिश्चित.

*

सोमवार, ऑफिसचा फोन.

"माझा पेपर आजपासून बंद करा."

"तुम्ही छापलंत म्हणून बरं झालं हो. नवरा सिनेटर सिनेटर करत होता, आता गप्प बसलाय."

"लाज वाटते का तुम्हाला?"

"कुणाला मत द्यायचं त्याची तुमची यादी कापून पर्समध्ये ठेवलीय. अध्यक्षापासून शाळेच्या मंडळापर्यंत, तुम्ही सांगाल तसं."

*

सोमवार, दुपार, बेकरी.

ऑरिन तिच्यासमोर बसला. शर्टाच्या खिशातून त्याने कापून घेतलेला अग्रलेख काढला आणि टेबलावर सपाट केला.

"हे तूच लिहिलंयस ना?"

"कुरियरचं मत आहे ते."

"अगं, मला काय शिकवतेस? तुझं लिहिणं मी ओळखतो." त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. "जे गेले त्यांचं जाणं वाया जाईल. तीनदा वाचलं. रडू आलं मला, पोरी. सिनेटरलाच देणार होतो मी. म्हटलं, कोल्बी घरी येईल. पण मग वाटलं, मी फक्त माझ्या पोराचा विचार करतोय. आर्लिसने सगळ्यांच्या पोरांचा केला असणार."

पलीकडच्या टेबलावर मिस्टर लेथमची बायको केक बांधून घेत होती.

"खरंच असं वाटतं ना तुला?" ऑरिनने विचारलं.

आर्लिसने कपातली कॉफी ढवळली. साखर घातलेलीच नव्हती.

"कॉफी गार होतेय तुझी," ती म्हणाली.

ऑरिनने मान डोलावली. त्याला उत्तर मिळालं होतं.

*

मंगळवार, सकाळ. मतदान अग्निशमन केंद्रात. दारापासून शंभर फुटांवर रस्त्यावर पांढरी रेघ मारलेली. तिच्या आत उमेदवाराचं नाव काढायचं नाही, हा नियम गावातलं शेंबडं पोरही जाणून होतं.

आर्लिस धावतपळत आली तेव्हा ऑरिन रेघेच्या आत, दारापाशी पोचला होता.

"ऑरिन, थांब. मला तसं वाटत नाही."

"कसं वाटत नाही?"

"ते रविवारचं. माझं मत उलटं आहे. लेथमनी लिहायला लावलं. मला सिनेटरच..."

"आर्लिस!" टेबलामागून बर्नाडीन ओरडली. तीस वर्षं याद्या तपासणारी बाई. "तूसुद्धा? पेपरवाली असून? आणखी एक शब्द बोललीस तर बाहेर काढीन."

रांगेतले सगळे वळून बघायला लागले. ऑरिन तिच्याकडे बघत राहिला. जणू चुकून दुसऱ्याच्या घरात शिरला होता.

"मग ते लिहिलं कुणी?" त्याने हळू विचारलं.

"मी."

"पुढचा," बर्नाडीन म्हणाली. ऑरिन गेला.

पडद्यामागे तो फार वेळ होता. आर्लिसने आपलं मत सिनेटरला दिलं आणि बाहेर येऊन रेघेपलीकडे उभी राहिली.

तो आला.

"शेरीफ भरला," तो म्हणाला. "न्यायाधीश भरला. शाळेचं मंडळ भरलं. वरची, अध्यक्षाची ओळ कोरी ठेवली."

"अरे, का? तुला सिनेटरलाच द्यायचं होतं ना?"

"तेच आठवत होतो, मला काय द्यायचं होतं. तुझं वाचायच्या आधी मला काय वाटत होतं ते सापडेना." त्याचा आवाज चढला नाही. "बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कोरी. तीही पोरगा आघाडीवर असलेल्या बापाची."

"ऑरिन, बेकरीत मी सांगायला हवं होतं."

"हो. हवं होतं."

तो ट्रकमध्ये जाऊन बसला. चावी फिरवली नाही. आर्लिस काचेपाशी गेली, बोटाने दोनदा वाजवली. तो समोर बघत होता, रांगेकडे. रांग आता रेघेच्या बाहेर रस्त्यापर्यंत आली होती, आणि बऱ्याच जणांच्या हातात 'कुरियर'मधून कापलेला कागद होता.