हवालदाराचा दंड

तापानं फणफणलेल्या पोराला जोतिबा भगतानं मांडीवर घेतलं, त्याच्या तोंडावरचे पिकलेले फोड उघड्या हातानं पुसले आणि तोच हात आपल्या गालावरून फिरवला. मग पोराची उष्टी भाकरी मोडून खाल्ली. देवळासमोर दाटीवाटीनं बसलेल्या माणसांनी हात जोडले.

"आई माझ्या रगतात हाय," भगत म्हणाला. "सरकारची सुई टोचली की आई कोपती. आठ दिस झालं, आजाऱ्यांच्या अंथरुणात निजतोय. एक फोड दावा माझ्या अंगावर."

फोड कुठं नव्हताच, दाखवणार कोण? बायांनी अंगारा कपाळाला लावला, बाप्यांनी नारळ फोडले, आणि फुटलेल्या नारळांतलं निम्मं खोबरं आईच्या नावानं भगताच्या झोळीत गेलं. आईला खोबरं फार आवडत असावं.

ही गोष्ट सत्तर सालच्या उन्हाळ्यातली. आटपाडीच्या पलीकडं माळावरच्या एका वाडीत देवीची साथ आली होती. तीन घरं धरली होती. भगताच्या शेजारी, त्याच घोंगडीवर, आकाराम हवालदार बसला होता. वीस वर्षं फौजेत काढून पेन्शनीवर आलेला माणूस. त्याला सगळं ठाऊक होतं.

भगत वाडीत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आकारामानं त्याला विहिरीवर अंघोळ करताना पाहिलं होतं. दंडातलं रुंद तांब्याचं कडं काढून त्यानं काठावर ठेवलेलं, आणि त्या जागी चवलीच्या नाण्याएवढे दोन गोल, खोलगट वण. आकारामाला ओळख पटायला क्षण लागला नाही. तसेच वण त्याच्या स्वतःच्या दंडावर होते. भरती झाल्याच्या आठवड्यातच फौजेच्या डॉक्टरनं टोचलं होतं, पुढंही दर काही वर्षांनी टोचत.

"कुठं टोचलं रं तुला?" त्यानं विचारलं.

भगत घाबरला नाही. "इस्लामपूरकडं कारखान्याच्या बांधकामावर हुतो. टोचल्याबिगर कामावर घेत नव्हतं." त्यानं शांतपणे कडं चढवलं. "तुमाला बी हायेत की, हवालदार. तुमी बी आजाऱ्याजवळ बसता, तुमालाबी काय हुत न्हाई. लोकास्नी काय सांगायचं ते तुमीच ठरवा."

त्याच संध्याकाळी भगतानं आकारामाचा हात धरून त्याला घोंगडीवर बसवलं. "ह्या माणसानं देशाची चाकरी केली. आईनं ह्येच्यावर बी हात ठिवलाय."

बाया पाया पडू लागल्या. फौजेतून आल्यावर चार महिने लोकांनी आकारामाच्या गोष्टी ऐकल्या होत्या, नंतर कोणी विचारीना. आता पारावर त्याला जागा करून देत होते. त्यानं सदऱ्याची दुमडलेली बाही खाली सोडली आणि गप्प राहिला. अंगाऱ्यानं कुणाचं काय बिघडतं, असं त्यानं मनाला सांगितलं.

आठवड्यानं आरोग्यखात्याच्या प्रमोदिनीबाई आल्या. मूळच्या वाईच्या, हातात लशीची पेटी. "आजाऱ्याशी संबंध आल्यावर तीन-चार दिवसांत टोचलं, तरी माणूस वाचतो," त्या घरोघर सांगत होत्या. कोणी पुढं येईना. शेवटी आकारामाच्या भावकीतली सुलाबाई सहा वर्षांच्या ज्ञानूला घेऊन आली. शेजारच्या घरात कालच देवी निघाल्या होत्या.

"नाना, तुमी जग बघितलंय," ती आकारामाला म्हणाली. "टोचू का न्हाई ह्येला? तुमी म्हणशीला तसं."

सगळी वाडी बघत होती. भगत बघत होता.

"आईच्या मनात असंल तसं हुईल, सुला," आकाराम म्हणाला.

सुलाबाई पोराला घेऊन घरी गेली. प्रमोदिनीबाईंनी आकारामाकडं एकदा पाहिलं आणि पेटी मिटली.

बाराव्या दिवशी ज्ञानूला ताप भरला. मग फोड आले, घसा बंद झाला, पाणी उतरेना. आकाराम रोज त्याच्या उशाशी बसे. पोर त्याचं बोट धरून पडायचं. दहा दिवसांनी ते बोट सुटलं.

तिसऱ्या दिवशी प्रमोदिनीबाई पुन्हा वाडीत आल्या, तेव्हा भगत देवळासमोर बोलत होता. "सुलाच्या मनात सुईची विच्छा आलती. म्हणून आईनं पोर नेलं. दोष तिचा हाय."

सुलाबाई खांबाला टेकून ऐकत होती. तिला ते पटत चाललंय, हे आकारामाला तिच्या तोंडावर दिसलं. तो उठला आणि त्यानं सदरा काढला.

"हे वण बगा. फौजेत टोचल्याले. म्हणून मला देवी येत न्हाई. भगत, कडं काढ."

"आईचं बंधन हाय ते."

आकारामानं त्याचा हात धरला आणि कडं उपसून काढलं. लोक पुढं सरकले. एका दंडावरून दुसऱ्या दंडावर नजरा फिरल्या.

प्रमोदिनीबाईंनी तोंडभर देवीचे वण असलेल्या म्हाताऱ्या रंगूबाईला विचारलं, "आजी, तुम्ही आजाऱ्यांजवळ बसता. भीती वाटत नाही?"

"मला ल्हानपणीच यिऊन गेल्या. एकदा यिऊन गेल्या की परत येत न्हाईत. समद्यास्नी ठावं हाय की ते."

"टोचण्यातही तेवढंच आहे. देवीचा आजार अंगाला झुंजायला शिकवतो, पण शिकवता शिकवता जीव घेतो, डोळे घेतो. लस तेच शिकवते, दंडावरच्या एका फोडात. आईची कृपा म्हणता ती ही."

कोणीतरी मागून विचारलं, "हवालदार, तुमाला कवा कळलं हे?"

आकारामाला खोटं बोलता आलं असतं. "दुसऱ्याच दिशी," तो म्हणाला.

कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. सुलाबाई जवळ आली. "मी तुमाला इचारलं हुतं, नाना," एवढंच म्हणाली. ज्ञानूच्या आजारपणात आजोळी ठेवलेली तिची धाकटी पोर बना त्याच दिवशी परत आली होती. टोचताना तिला धरायला आकारामानं हात पुढं केले. सुलाबाईनं पोर रंगूबाईकडं दिलं.

दिवस मावळायच्या आत सारी वाडी टोचून झाली. त्या गडबडीत भगत कधी पसार झाला, कोणी पाहिलं नाही.

पुढं दोन वर्षं आकाराम प्रमोदिनीबाईंबरोबर वाड्यावस्त्या हिंडला. म्हणायचा, "एखाद्याला काय हुत न्हाई असं दिसलं, तर पाया पडू नका. का हुत न्हाई, ते इचारा. आन् ज्येला ठावं हाय त्येनं सांगावं. भगत लबाड हुता, पण पोर माज्या गप बसण्यानं गेलं."

ज्ञानूचं नाव तो प्रत्येक ठिकाणी घ्यायचा. ते घेताना त्यानं कधी मान वर केली नाही.